युद्धाची वकिलीण

"आपानं दार उघडलं नाही," बेगायिम म्हणाली. हातातला फोन तिनं मेलेलं पाखरू ठेवावं तसा अलगद टेबलावर ठेवला.

झिपारकुल-एजेनं आधी चहा पुढे सरकवला. बिश्केकच्या बाजारामागच्या त्या दोन खोल्यांत रडत येणारी माणसं नवी नव्हती. सगळ्यांची ही एजे, म्हणजे ताई, पोलिसातून निवृत्त होऊन खाजगी तपास करायची. तोलकुन तेव्हाही तिच्या हाताखाली शिपाई होता आणि आता तिची गाडी चालवायचा, तिची बोलणीही खायचा.

"आपा म्हणजे आजी ना? कोच्कोरची?"

"हो. तिचा मोठा मुलगा सोव्हिएत काळच्या अफगाण युद्धात गेला. तोक्तोसुन. पेटी आली, ती उघडूसुद्धा दिली नाही कुणी." बेगायिमनं डोळे पुसले. "आमचा एक ग्रुप आहे. आपापल्या घरून, व्हिडिओ कॉलवर, आम्ही जुन्या युद्धांवर खटले चालवतो. खोटे खटले, पण वाद खरा. चिठ्ठीत जी बाजू निघेल ती मांडायची. या वेळी अफगाण युद्ध होतं, आणि मला युद्धाची बाजू आली. आमच्यात बोलण्याआधी डोक्यावर कल्पाक चढवून म्हणायचं, 'टोपी बोलते, मी नाही.' मी म्हटलं होतं. ते कुणीतरी कापलं आणि उरलेलं अख्ख्या गावाला पाठवलं."

तिनं क्लिप लावली. तिचाच आवाज, ठाम, सुरेल: "शेजारच्या अंगणातली आग तिथंच विझवली नसती, तर ती आपल्या उंबऱ्यावर आली असती. पोरं गेली. किंमत मोठी होती..." क्लिपमधला आवाज थांबला. तिघंचौघं खुदकन हसले. मग पुन्हा: "...पण द्यायलाच हवी होती."

"पोरांच्या मरणावर हसताहेत!" तोलकुन म्हणाला.

"नाही हो! आमचे न्यायाधीश झारिलबेक-अगाय, त्यांच्या बाल्कनीत मेंढरू बांधलंय. ते असं केकाटलं, की 'किंमत मोठी होती' हे माझं मलाच ऐकू आलं नाही. त्याला हसले सगळे."

एजेनं क्लिप पुन्हा ऐकली. नंतर तोलकुनकडे वळली. "बाजारातून काय आणायचं ते सांगितलं होतं. आणलंस?"

"विसरेन म्हणून तुमचा व्हिडिओ कॉल रेकॉर्डच केला, एजे." त्यानं फोन पुढे केला. फोनमधून एजेचं बोलणं आलं: कांदे आण, सुक्या दह्याचं कुरुत आण, गाढवासारखा हो हो काय म्हणतोस. "बघा, माझं 'हो हो' आलंच नाही. नुसत्या तुमच्या शिव्या."

"ठेव जपून," एजे म्हणाली.

एजे आधी नुर्झातकडे गेली. ती बाजारात लोकरी नमद्याच्या चपला विकायची. खटल्यात ती मेलेल्यांची वकील.

"जळते मी तिच्यावर," तिनं तोंडावरच सांगितलं. "माझ्याकडे मेलेली पोरं, त्यांच्या आया, आणि टाळ्या कुणाला? युद्धाला! लोक तर म्हणायला लागले, पुढच्या खटल्याला न्यायाधीश हिलाच करा. पण मला तिला खटल्यात हरवायचं होतं, एजे. अगायांनी खटलाच बंद केला. आता काय भिंतीला हरवू?"

बेगायिमचा नवरा इलिम गॅरेजात एका गाडीखाली काम करताना सापडला.

"मी त्या फोनवर जळतो," तो खालूनच म्हणाला. "संध्याकाळ झाली की ही बसली टोपी घालून, कानात हेडफोनची बोंडं खुपसून. मी समोर बसून हात हलवायचा. पण आपा मला मुलगा म्हणते. तिचं काळीज मी कशाला जाळू?"

झारिलबेक-अगाय इतिहासाचे मास्तर. सातव्या मजल्यावर राहायचे. दारातच मेंढराचा वास आला.

"नातवानं पहिलं पाऊल टाकलं, त्याची मेजवानी," अगाय हसून म्हणाले. त्यांनी अर्धाच कप चहा ओतला; तिकडे पाहुण्याला मानानं अर्धाच देतात, पुन्हा पुन्हा भरता यावा म्हणून. "ग्रुप मी काढला. पहिल्यापासून न्यायाधीश मीच. पोरगी हुशार आहे. माझ्याच हाताखाली घडली म्हणा. तिच्या भल्यासाठीच खटला बंद केला." बाल्कनीतून मेंढरानं दुजोरा दिला.

जिन्यात तोलकुननं हळूच टाळी वाजवली. "अगाय सुटले, एजे! क्लिपमध्ये मेंढरूच नाही. म्हणजे ती या घरात रेकॉर्ड झालीच नाही. आता राहिले दोघं."

"तुझं डोकं म्हणजे चहाचा रिकामा समोवार," एजे म्हणाली. "तापतो खूप. सगळ्यांना इथं बोलाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे अगायांच्याच घरी चहाभोवती बसले. एजेनं क्लिप वाजवली.

"'किंमत मोठी होती'. किती स्वच्छ ऐकू येतं! पण या शब्दांवरच मेंढरू ओरडलं होतं. बरोबर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"कुणी नंतर कापलं म्हणाल, तर वरून मेंढरू उचलून खालचे शब्द कसे उरतील? दुधात मिसळलेलं पाणी कात्रीनं कापता येत नाही. म्हणजे रेकॉर्ड करणाऱ्याच्या फोनपर्यंत ते ओरडणं पोचलंच नाही. इलिमनं खोलीत बसून टिपलं असतं, तर बायकोचा आवाज मिळाला असता. पण इतरांचं हसणं तिच्या कानातच राहिलं असतं. नुर्झातनं टिपलं असतं, तर हसण्याबरोबर मेंढरूही आलं असतं. तोलकुन, लाव तुझे कांदे."

पुन्हा कांदे, कुरुत, गाढव. तोलकुनचं 'हो हो' कुठंच नाही.

"कॉल असा रेकॉर्ड केला, की फोन समोरच्यांचं टिपतो, आपल्या घरातलं नाही. जो रेकॉर्ड करतो, फक्त त्याचंच घर मुकं राहतं. या क्लिपमध्ये कुणाचं घर मुकं आहे, अगाय?"

बाल्कनीत मेंढरू ओरडलं. अगायांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांचं तोंड म्हातारं दिसू लागलं.

"मी तिला बोलायला शिकवलं," ते म्हणाले. "कुठं थांबायचं, कुठं आवाज उतरवायचा, सगळं. त्या दिवशी ती बोलत होती आणि मला वाटलं, माझंच गाणं कुणी माझ्यापेक्षा गोड म्हणतंय. मग लोक म्हणाले, न्यायाधीश तिलाच करा. विहीर खणली मी, आणि पाणी तिच्या घागरीला."

"आजीला का पाठवलंत?" इलिम ओरडला.

"गावाला पाठवलं. आजी त्यात आहे, हे पाठवल्यावर आठवलं." त्यांनी मान खाली घातली. "नाही. आधीच आठवलं होतं."

बेगायिम उठली. "मला माफी नको, अगाय. कोच्कोरला चला. आपाच्या दारात हे सगळं सांगा."

तोलकुननं गाडी चालवली. डोंगर अजून पांढरेच होते. बंद दारासमोर अगायांनी टोपी काढली आणि मेलेल्याच्या घरी बोलतात तसे खालच्या आवाजात सगळं बोलले.

मग कडी वाजली. आपा दारात उभी राहिली. अगायांकडे तिनं पाहिलंच नाही.

"बाजू तुझी नव्हती, ते मला पहिल्या दिवशीच कळलं," ती नातीला म्हणाली. "तुझा आवाज मी ओळखत नाही का?"

"मग दार का लावलंस, आपा?"

"माझा तोक्तोसुन का गेला, ते आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. ना पेटी आणणाऱ्यांनी, ना पदक देणाऱ्यांनी. तू सांगितलंस. आणि पोरी, घडीभर मला ते पटलं." म्हातारीनं चौकट धरली. "त्या घडीची लाज वाटली गं."

ती बाजूला झाली.

"ये आत. आता दुसरी बाजू सांग. सावकाश सांग. मी कुठं जात नाही."