ओल्या काँक्रीटमधला बूट

रास्मुसच्या नाकावर पहिला ठोसा बसला तेव्हा गिरिजाच्या हातात साबुदाणावड्यांचं ताट होतं. धक्का लागून ताट उडालं, वडे डेकभर गडगडले आणि त्या वड्यांतच दोन मुलं एकमेकांच्या उरावर बसून बुकलाबुकली करायला लागली.

"फाइट! फाइट!" गिरिजाचा धाकटा भाऊ नंदू आनंदाने किंचाळला.

"ओरडतोयस काय गाढवा, सोडव त्यांना!"

सोडवणार कसा? नंदू दहा वर्षांचा. खाली पडलेला रास्मुस चौदाचा आणि दांडगा. त्याच्या छातीवर बसलेला आर्त्योम तेराचा, किडकिडीत, पण पिसाळल्यासारखा हाणत होता. रास्मुसने त्याचे केस धरले आणि डोकं कठड्यावर आपटलं. दोघांच्याही तोंडाला रक्त लागलं. शेवटी विक्रम काका धावले. काका गाड्यांच्या कंपनीत मोठे इंजिनियर आणि रोज जिमला जाणारे. त्यांनी दोन हातांत दोन कॉलर धरल्या, दोघांना अलगद उचललं आणि लांब नेऊन ठेवलं.

"बास! गेस्ट आहात ना? इनफ!"

ही गोष्ट जुलै २००७ची. मिशिगनमधलं एल्म क्रीक आणि एस्टोनियातलं रान्नाक्युला ही जोडशहरं. एका उन्हाळ्यात इथली मुलं तिकडे जायची, पुढच्या उन्हाळ्यात तिकडची इथे यायची. यंदा सहा जण आले होते. आर्त्योम गिरिजाकडे उतरला होता आणि रास्मुस शेजारच्या राजसकडे. पाहुण्यांशी सगळे इंग्रजीतच बोलत. त्यांच्या स्वागतासाठी शुक्रवारी संध्याकाळी गिरिजाच्या घरी पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची पार्टी, आणि स्वागत हे असं चाललं होतं!

भांडण मुळात इथलं नव्हतंच. आर्त्योमच्या घरी रशियन बोलत, रास्मुसच्या घरी एस्टोनियन. एप्रिलमध्ये त्यांच्या राजधानीत एका सोव्हिएत सैनिकाचा पुतळा, रशियनांना मानाचा आणि एस्टोनियनांना डाचणारा, हलवण्यावरून मोठी दंगल झाली होती. रास्मुसचा काका पोलीस. दगड लागून त्याचे दोन दात पडले. आर्त्योमचा भाऊ नुसता बघायला गेला होता. लाठीने त्याचं मनगट मोडलं. तो सगळा राग दोघांनी विमानातून इथवर आणला होता. वडा खाता खाता रास्मुसने एवढंच विचारलं होतं, "तुझ्या भावाचा हात बरा झाला का? पुन्हा दगड मारता येतात का?"

मोठ्या माणसांनी न्याय काय केला? ज्याच्या नाकातून जास्त रक्त आलं त्याला आइस्क्रीम दिलं आणि दुसऱ्याला बेसमेंटमध्ये पाठवलं! मग बर्फ संपला म्हणून विक्रम काका आणायला गेले, ते दीड तासाने उगवले. पिशवीत निम्मं पाणी होतं. ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शनिवारी सकाळी फोन खणखणला. पार्कमधला झोका कुणीतरी कुऱ्हाडीने तोडला होता!

हा झोका म्हणजे रान्नाक्युलाची भेट. तिकडे गावागावात असा मोठा लाकडी झोका असतो. आठ-आठ माणसं त्यावर उभी राहतात. टोकाच्या दोघांनी आळीपाळीने गुडघे वाकवून जोर दिला की झोका आभाळात जातो. हा रास्मुसच्या आजोबांनी ओकचं लाकूड तासून घडवला होता आणि जहाजाने इथे आला होता. उभा करायचं काम विक्रम काकांकडे होतं. मंगळवारीच खांब काँक्रीटमध्ये रोवले, असं त्यांनी जोडशहर कमिटीला सांगितलं होतं. रविवारी उद्घाटन होतं.

आता फळीचे तीन तुकडे झाले होते. खांबांवर घावच घाव होते. ढलप्या गवतभर उडाल्या होत्या. इतका राग कुणाला आला असेल?

"इकडे बघा," पुरुषोत्तम काका म्हणाले. काका म्हणजे निवृत्त हार्ट सर्जन आणि जोडशहर कमिटीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना वचकून असे. त्यांची काठी एका खांबाच्या बुडाशी टेकली होती. तिथे काँक्रीटमध्ये बुटाचा ठसा होता, स्पष्ट, चांदणीच्या नक्षीचा.

गिरिजाच्या दारातल्या आर्त्योमच्या मोठ्या मापाच्या काळ्या बुटांच्या तळव्यावर तीच चांदणी निघाली. वर राखाडी काँक्रीटही चिकटलेलं!

"मी तोडला नाही," आर्त्योम म्हणाला.

"मग काल सात ते आठ कुठे होतास? गिरिजाची आई जेवण घेऊन खाली गेली तेव्हा बेसमेंट रिकामं होतं." काकांनी विचारलं.

आर्त्योमचे कान लाल झाले. त्याने मान फिरवली. काकांनी बूट प्लास्टिकच्या पिशवीत घातले. "सोमवारच्या फ्लाइटने हा घरी जाईल. आणि रान्नाक्युलाच्या शाळेला पत्र जाईल, कारणासकट."

म्हणजे गावभर बोभाटा! आर्त्योमचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या आईला तिथे आधीच कोण काय काय बोलत होतं, ते त्याने गिरिजाला सांगितलं होतं.

दुपारी तो अंगणात बसला होता. रास्मुस पाहुण्यांपैकी दोन मुलांना घेऊन कुंपणावरून आला. दोघांनी आर्त्योमचे हात मागे धरले आणि रास्मुसने त्याच्या पोटात गुद्दा घातला. मग दुसरा. मग तोंडावर.

"सोड त्याला!" गिरिजा मध्ये घुसली. कुणाचं तरी कोपर तिच्या ओठावर बसलं आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. आता मात्र तिचं डोकं फिरलं! समोर जो हात आला त्याला ती कचकन चावली.

"आऽऽ! शी इज बायटिंग मी!" त्यातला एक किंचाळला.

शेजारून धावत आलेल्या राजसने एकाला मागून मिठी मारून पाडलं. नंदूने झाडांना पाणी घालायची नळी धरली आणि नळ पूर्ण सोडला. सगळे चिंब झाले, चिखलात घसरले, तेव्हा कुठे मारामारी थांबली. ती दोन मुलं पळाली. रास्मुस चिखलात बसून रडायला लागला.

"आजोबांनी सगळा हिवाळा घालवला त्यात! आता त्यांची बोटंही वळत नाहीत!"

"मला माहीत आहे!" आर्त्योम ओरडला. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. "शाळेच्या वर्कशॉपमध्ये दोन महिने त्या फळीला पॉलिशपेपर कुणी मारला? मी! मी कशाला तोडीन?"

रास्मुसने डोळे पुसले. हे खरं होतं.

"मग होतास कुठे? आता तरी सांग ना यार!" राजस वैतागला.

आर्त्योमने मान खाली घातली. "तळ्यावर. मला पळून जायचं होतं. पण दारात माझे बूट नव्हते. चाळीस जोड होते, माझेच नव्हते. म्हणून मी... गिरिजाच्या आईच्या गुलाबी सपाता घातल्या. फुलं लावलेल्या. एक चिखलात रुतून तुटली." तो रास्मुसकडे न बघता म्हणाला, "हा हसला असता."

कोणी हसलं नाही. सगळे तळ्याकडे धावले. काठच्या चिखलात गुलाबी सपात खरंच रुतली होती, अंगठा तुटलेली!

एस्टोनियातही घरात शिरताना बूट काढतात. त्यामुळे आर्त्योमने न सांगताच आपले बूट दारातल्या ढिगात ठेवले होते, आणि आई केवढी खूश झाली होती.

"म्हणजे कोणीतरी चुकून त्याचे घालून गेलं," गिरिजा म्हणाली. आपल्या लोकांत हे प्रत्येक पार्टीला होतंच. "काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे. तसे आणखी कुणाचे होते?"

"विक्रम काकांचे," नंदू लगेच म्हणाला. "मी घालून चालत होतो ना! त्यात व्ही. के. लिहिलंय. इतके मोठे, मी पायरीवरून पडलो!"

"कधी?"

"काका बर्फ आणायला गेले होते तेव्हा!"

काका बाहेर होते आणि त्यांचे बूट घरी होते!

"अजून एक," नंदू डोकं खाजवत म्हणाला. "मंगळवारचं काँक्रीट शुक्रवारी ओलं कसं? वाळलेल्यात ठसा उठतच नाही."

"नंदू, यू आर अ जीनियस!" राजसने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

पण दहा वर्षांच्या मुलाच्या शब्दावर एवढ्या मोठ्या काकांना कोण जाब विचारणार? राजसला आठवलं की काका सकाळपासून लंगडत होते आणि डाव्या हाताने कॉफी पीत होते. गिरिजाच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. "राजस, तुझा बास्केटबॉल आण."

रविवारी पार्कच्या हॉलमध्ये सगळे जमले. टेबलावर बुटांची पिशवी होती. विक्रम काका पुढच्या रांगेत बसले होते. पुरुषोत्तम काका बोलायला उठले, तेवढ्यात गिरिजा मोठ्याने ओरडली, "विक्रम काका, कॅच!"

बॉल सणसणत गेला. काकांचा उजवा हात सवयीने वर उठला, आणि हॉल दणाणेल अशी किंकाळी त्यांच्या तोंडून बाहेर पडली. खांदा धरून ते खुर्चीसकट खाली कोसळले.

"गिरिजा!" आई धावली.

"शुक्रवारी याच हातांनी काकांनी दोघांना उचललं होतं," गिरिजा म्हणाली. बूट, सपाता, ओलं काँक्रीट, तिने सगळं सांगितलं. "काका, खांद्याला काय झालं?"

पुरुषोत्तम काका डॉक्टर. त्यांनी न विचारता शर्टाची कॉलर बाजूला केली. खांद्यापासून छातीपर्यंत काळानिळा पट्टा होता, फळीच्या रुंदीचा.

विक्रम काकांनी भिंतीला पाठ टेकली. "मंगळवारी मॅच होती. राहून गेलं. शुक्रवारी चारला काँक्रीट ओतलं, अंदाजाने पाणी घालून. सातला वाटलं, एकदा ट्राय करू. फळी ढकलली, खांब हलला आणि फळी उलटून खांद्यावर बसली. दहा फूट उडालो. असा संताप आला! माझ्या पिकअप ट्रकमध्ये कुऱ्हाड होती. दिसेल तिथे मारत सुटलो. मग वाटलं, बरंच झालं. तोडलेल्या झोक्याचा खांब का हलला, असं कोण विचारणार?"

"रविवारी त्यावर आठ मुलं चढणार होती," पुरुषोत्तम काका हळूच म्हणाले. "आणि बूट? ते या मुलाचे आहेत, हे तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी. पायाला चावत होतेच, परत आलो तर माझे दारात दिसले." काकांनी डोळे पुसले. "वाटलं, नाहीतरी दोन आठवड्यांनी तो जाणारच आहे."

हे ऐकून गिरिजाला मारामारीत आला त्याहून जास्त राग आला. पण तिला बोलावं लागलं नाही. पुरुषोत्तम काकांनी पिशवीतून बूट काढले आणि ते आर्त्योमसमोर आले. ज्यांच्या पाया पडायला दिवाळीत रांग लागायची, ते काका काठी टेकत गुडघ्यांवर बसले. त्यांनी रुमालाने ते बूट पुसले आणि आर्त्योमच्या पायांशी नीट जोडीने ठेवले.

"चुकलो रे बाळा. विचारायच्या आधीच मी शिक्षा दिली."

आर्त्योमला मराठीचा एकही शब्द येत नव्हता. तरी त्याचा सुजलेला डोळा भरून आला. त्याने काकांचा दंड धरून त्यांना उठवलं.

मग रास्मुस पुढे आला. त्याने हात पाठीमागे बांधले आणि नाक पुढे केलं. "मार. तीन गुद्दे. मी मोजलेत."

आर्त्योमने मूठ आवळली. रास्मुसने डोळे मिटले.

"नको," आर्त्योम म्हणाला. "आधीच वाकडं झालंय."

गावाने नवीन लाकूड आणलं. काँक्रीट विक्रम काकांनीच ओतलं, एका हाताने. या वेळी पाणी मोजायला नंदू उभा होता. पाच दिवस कुणी खांबाला हात लावला नाही. उद्घाटनाला पुरुषोत्तम काकांनी गिरिजा, राजस आणि नंदूला पुढे बोलावलं. "आम्ही कमिटीवाले ठसा बघत बसलो. काँक्रीट ओलं का होतं, हे या पोरांनी विचारलं. शाब्बास!"

एका टोकाला रास्मुस आणि दुसऱ्या टोकाला आर्त्योम उभा राहिला. मध्ये गिरिजा, राजस, नंदू आणि बाकीची मुलं दाटीवाटीने चढली.

"आधी तू वाक!" रास्मुस ओरडला.

"नाही, तू!"

"अरे, कोणीतरी वाका ना!" नंदू किंचाळला.

दोघं एकदमच वाकले. झोका जागचा हलेना. सगळे हसले, तेही हसले. मग आर्त्योमने गुडघे वाकवले, पाठोपाठ रास्मुसने, आणि झोका वर गेला.