न फिरणारी किल्ली

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात, माझ्या डोक्यावरच्या खोलीत घडलं. वेळही रात्रीची नव्हती. दुपारचे चार. ऊन पायरीवर पडलेलं, रस्त्यावर माणसं चालत होती.

ज्याला खोटं वाटेल त्याला वाटू दे. मला या वयात गोष्टी रचून काय मिळणार?

आमच्या भागातल्या दलालानं मला लिहायला सांगितलं. तो घरमालकांसाठी एक पत्रक काढतोय. म्हणाला, "काका, तीस वर्षं खोली भाड्यानं देताय. जागा कशी सांभाळायची, चार गोष्टी लिहून द्या."

मी लिहायला बसलो. भाडेकरू येण्याआधी नळ सोडून बघा. भिंतीला पालथा हात लावा, ओल डोळ्यांच्या आधी हाताला कळते. मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. खोलीत काय काय आहे त्याची यादी करा, दोघांनी सही करा.

पाचवी गोष्ट लिहायची होती. भाडेकरू गेला की कुलूप बदला.

तिथे पेन थांबलं...

मी गवंडी. हे घर मी माझ्या हातानं बांधलं. खाली आम्ही राहतो. वर एक खोली आणि तिला बाहेरून वेगळा जिना. चौदा पायऱ्या. कुठल्या पायरीखाली कुठली वीट आहे, तेसुद्धा सांगेन. पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मला अक्षर येत नव्हतं.

ते मला वरच्या खोलीतल्या बाईंनी शिकवलं.

बाई छापखान्यात होत्या. छापायच्या आधी कागद वाचून चुका काढायच्या, हे त्यांचं काम. एकट्याच. अकरा वर्षं आमच्याकडे राहिल्या. आल्या त्या दिवशी खोलीची यादी त्यांनीच लिहिली. पंखा एक, नळ दोन, खुंट्या सहा, कुलूप एक, किल्ल्या दोन. सगळी मोठ्यानं वाचून दाखवली. मी मान डोलवली आणि खाली अंगठा उमटवला.

पुढे कधीतरी त्या म्हणाल्या, "मालक, एवढी घरं बांधलीत, आता दोन अक्षरं बांधा की."

मग रोज संध्याकाळी मी पाटी घेऊन वर जायचो. लाल पेन्सिलीनं त्या माझ्या चुकांना गोल करायच्या. बायको खालून ओरडायची, "अहो, विद्यार्थी! जेवायला या." बाई हसायच्या. त्यांना हसताना खोकला यायचा.

तो खोकला वाढला. बाई उपचाराला भाचीकडे गेल्या, दुसऱ्या गावाला. जाताना म्हणाल्या, पंधरा दिवसांत येते.

दोन महिने झाले.

भाडं वेळेवर येत होतं. तक्रार करायला जागा नव्हती. पण दलाल येऊन बसू लागला. म्हणायचा, बंद खोली म्हणजे डोकेदुखी. जुना भाडेकरू, त्यात आजारी. उद्या काही झालं तर भाची येऊन ठाण मांडेल, मग कोर्टाच्या पायऱ्या झिजवा. त्याच्याकडे नवं गिऱ्हाईक तयार होतं. दवाखान्यातला कंपाउंडर आणि त्याची बायको.

थोरला मुलगाही त्याच्याच बाजूनं. बायको एवढंच म्हणाली, की बाईंना एक फोन तरी करा.

मी फोन केला नाही. काय बोलणार होतो?

कुलूपवाल्याला बोलावलं. दारात बसवलेलं जुनं कुलूप काढलं, नवं घातलं. बाईंचं सामान नऊ खोक्यांत भरलं, गच्चीवर ताडपत्रीखाली ठेवलं. लाल पेन्सिलींचा डबा मीच भरला. जुनं कुलूप अवजारांच्या पेटीत टाकलं. वस्तू फेकून द्यायची मला सवय नाही.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, दुपारी चार वाजता...

मी खाटेवर पडलो होतो. बायको बाहेर गेली होती. जिन्यावर पावलं वाजली.

हळू. दोन पायऱ्या, मग थांबणं. दोन पायऱ्या, मग थांबणं.

मग खोकला.

मी उठून बसलो नाही.

किल्ली कुलपात गेली. खरखर झाली. फिरली नाही. बाहेर निघाली, परत गेली. परत खरखर. तिसऱ्यांदा अगदी सावकाश, जणू चूक आपल्याच हाताची आहे.

मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज. बाई पायरीवर बसल्या.

मी छताकडे बघत पडून होतो. आता जातो, म्हणत होतो. कुठल्या तोंडानं जाऊ, म्हणत होतो. खाट करकरेल म्हणून कूससुद्धा जपून बदलली.

खालच्या दारावर थाप पडली. एकदाच.

"मालक, आहात का?"

मी श्वास धरला.

तासाभरानं बाहेर आलो, तेव्हा जिना रिकामा होता.

चार दिवसांनी भाचीचा फोन आला. बाई गेल्या होत्या. ती पोरगी भांडली नाही. म्हणाली, "मावशी सारखी म्हणत होती, मालक घरी असते तर दार उघडलं असतं. तुम्ही घरी नव्हता ना?"

मी म्हणालो, "नव्हतो."

भाची खोकी घेऊन गेली. किल्ली मात्र सापडली नाही म्हणाली. मावशीच्या मुठीत होती, नंतर कुठे गेली कळलं नाही.

कंपाउंडर राहायला आला. आठवडा गेला असेल. त्याची बायको खाली आली. म्हणाली, "काका, दुपारी तुम्ही आमच्या दाराला किल्ली लावता का?"

मी नाही म्हणालो.

"रोज चारला कोणीतरी लावतं. तीनदा. उघडलं तर कोणी नसतं."

दुसऱ्या दिवशी मी खाली खाटेवर बसून ऐकलं.

पावलं नाहीत. खोकला नाही. फक्त...

खरखर.

खरखर.

मग सावकाश, तिसरी.

कुलूपवाल्याला आणलं. त्यानं कुलूप खोललं आणि उजेडात धरून फिरवून फिरवून बघितलं. मग मला दाखवलं. आतून ताजे ओरखडे होते. पितळेचा बारीक भुसा तळहातावर पडला.

"बाबा, यात भलतीच किल्ली घालतंय कोणीतरी. रोज."

कंपाउंडर महिन्याभरात गेला. त्यानंतरचा वीस दिवस टिकला. दलाल म्हणाला की खोलीचं नाव खराब झालंय. आम्हा दोघांचं म्हातारपण त्या खोलीवर चालतं. थोरला पाहुण्यासारखा येतो आणि सल्ला देऊन जातो.

तिसरं गिऱ्हाईक मिळालं, तेव्हा नवी यादी करायला मी जुनी यादी काढली. बाईंच्या हातची. अकरा वर्षं ती माझ्या पेटीत होती. वाचायला शिकलो, दुकानांच्या पाट्या वाचल्या, औषधांच्या बाटल्या वाचल्या. हा कागद कधी वाचला नाही. माहीतच होतं ना त्यात काय आहे.

पंखा एक. नळ दोन. खुंट्या सहा. कुलूप एक, किल्ल्या दोन.

त्याखाली आणखी एक ओळ होती.

'मालक मला न सांगता कुलूप बदलणार नाहीत. बदलावं लागलं तर नवी किल्ली आधी माझ्या हातात देतील.'

त्याखाली माझा अंगठा.

त्यांनी वाचून दाखवली होती. मला आठवलं. तेव्हा मी हसलोही होतो. म्हणालो होतो, बाई, तुम्हाला मी दाराबाहेर ठेवीन होय?

त्याच दिवशी पेटीतलं जुनं कुलूप काढलं. स्वतः बसवलं. तिसऱ्या गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवलं. दार आतून ओढून घेतलं, ओढलं की कुलूप आपोआप लागतं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही, आणि रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलो.

चार वाजले.

किल्ली आत गेली...

खरखर झाली नाही. लोण्यातून फिरावी तशी फिरली. दार वीतभर उघडलं.

बाहेर ऊन होतं. कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "बाई, मी घरीच होतो."

बऱ्याच वेळानं दार हळूच लागलं. रागानं आपटलं नाही. आजारी माणूस झोपलाय म्हणून लावावं, तसं.

त्या दिवसापासून वरचा आवाज बंद झाला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास दुकानातून परत आलो. बायको बहिणीकडे गेली होती. मी खालच्या दाराला किल्ली लावली.

फिरली नाही.

काढली, पुसली, परत लावली. तिसऱ्यांदा सावकाश लावली.

संध्याकाळी बायको आली. माझ्याच हातातली किल्ली घेतली आणि एका झटक्यात दार उघडलं. "अहो, हातात जोर राहिला नाही तुमच्या," म्हणाली.

कुलूप बदललं. मग दुसरं बदललं. सुनेच्या हातून उघडतं, कुलूपवाल्याच्या हातून उघडतं. माझ्या हातून उघडत नाही. आता मी बाहेरून आलो की पायरीवर बसतो. कोणी येईपर्यंत.

दलालाला चारच गोष्टी लिहून दिल्या. पाचवी दिली नाही. तो म्हणाला, "काका, मुख्य तीच राहिली की." मी म्हणालो, तुझी तू लिही.

बसायचं मला काही वाटत नाही. उभं आयुष्य परांचीवर गेलं, उन्हाची सवय आहे.

पण काल एक थाप मारून बघितली. घरात कोणी नाही हे माहीत असताना. म्हणालो, "कोण आहे का?"

आतून खाट करकरली...

अगदी हळू. कोणीतरी जपून कूस बदलावी तशी.

मी दाराला कान लावला. आत कोणीतरी जागं होतं.

ऐकत होतं.

आणि उठत नव्हतं.