लांबचं खळं

वाढ्याचा भारा अंगावर येऊन आदळला, तेव्हा मनकर्णा चांदण्यांत हरवली होती. लिंबागणेशच्या माळावर, दूध सोसायटीच्या चारा छावणीत, एका सोडलेल्या बैलगाडीत ती उताणी पडली होती. दिवसभर म्हशीसाठी पाणी वाहून तळहातांची सालटं निघालेली, पाय भरून आलेले. दिवेलागण होऊन गेली होती, माळाचा चटका ओसरला होता, आणि कुठूनशी एक झुळूक नुकतीच मानेवरून फिरायला लागली होती… एवढ्यात उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा धपकन पोटावर!

"आगं आई गं! मेले की मी!"

"कोन? कोन हाय गाडीत?" खालून घाबरलेला आवाज आला.

"मानूस हाय! बघून टाकावं की न्हाई?"

"आता मानसानं बैलगाडीत निजावं का? मला वाटलं, गाडी रिकामी हाय."

कंदील वर आला. उजेडात आधी एक हात दिसला, मग भुवयांवर धूळ बसलेला एक चेहरा. मनकर्णा केसांतली पाती उपटत उठून बसली. तिचा अवतार बघून त्याला हसू आलं, आणि ते लपवायला त्यानं जीभ चावली.

"लई लागलं का?"

"लागंल न्हाई तर काय! आन् माझी बाज चुकली ती येगळीच."

"बाज? कुटं हाय बाज?"

तिनं वर बोट केलं. "त्या चार चांदन्या, ती म्हातारीची बाज. आन् मागं वळीनं चाललेत ते तीन चोर."

तो मान वर करून बघत राहिला. "चोर बाज चोरून काय करतेल?"

"निजतेल. दमले असतेल बिचारे."

तो मोठ्यानं हसला. छावणीत कित्येक दिवसांत कुणी असं हसलं नव्हतं. शेजारच्या मांडवातल्या म्हशीनंसुद्धा रवंथ थांबवून मान वळवली.

त्याचं नाव भारत. वडवणीकडचा. सोसायटीनं छावणीपुरता त्याला चारा वाटायला ठेवला होता. छावणी मोडली की त्याची नोकरीही मोडणार. मनकर्णा आपल्या वडिलांबरोबर, ज्ञानोबाबरोबर, चांदी नावाची म्हैस घेऊन इथं आली होती. सोबत विधवा आत्या होती, सिंधुबाई. ते सत्त्याऐंशी साल. पावसानं लागोपाठ दगा दिलेला, विहिरींचे तळ उघडे पडलेले, आणि सगळ्या पंचक्रोशीची जनावरं या एका माळावर दावणीला बांधलेली. माणसं इतकी दमली होती की भांडणसुद्धा कुणी शेवटास नेत नव्हतं. दोन शिव्या द्यायच्या आणि बसायचं.

पण जेवणं उरकली, की या दमलेल्या माळावर एक गंमत व्हायची. सगळे आपापल्या गोधड्या मोकळ्यावर टाकायचे आणि आभाळाकडे तोंड करून पडायचे. दिवसा ज्या आभाळाला शिव्या घातल्या, त्याच आभाळाचं रात्री कौतुक! वारा कुठून सुटला, विंचवाची नांगी वर आली का, ढगाचा तो तुकडा बैलासारखा दिसतो की सोसायटीच्या चेअरमनसारखा, असल्या गप्पा चालायच्या. फुकटात मिळणारं तेवढंच एक सुख होतं.

आणि या सुखाची जाणकार होती मनकर्णा. आजीनं तिला आभाळ शिकवलं होतं. नेकनूरचे गहिनीनाथ आबा, ज्यांची सगळी भिस्त एका बैलजोडीवर उरली होती, ते रोज हाक मारून विचारायचे, "पोरी, काय म्हनतंय आभाळ?"

"निजा म्हनतंय, आबा."

भारतही हळूहळू चारा वाटून झाला की तिथंच घुटमळायला लागला. आधी कंदिलाची काच पुसायला. मग नुसताच.

एकदा चंद्राभोवती धूसर कडं पडलं. मनकर्णा म्हणाली, "खळं पडलंय."

"खळं? रानात ज्वारी न्हाई, आन् चंद्रानं कावून खळं केलं?"

"तुमाला काईच म्हाईत न्हाई का ओ? चंद्राभोवतीच्या कड्याला खळं म्हनतेत. चंद्राला चिटकून असलं, तर पाऊस लांब. आन् चंद्रापासून लांब पडलं, तर पाऊस जवळ."

"उलटंच की सगळं." भारतनं कंदिलाची वात बारीक केली. मग हलकेच म्हणाला, "मानसाचं पन असंच असतंय का? म्हंजी… लांब बसलं की जवळचं?"

मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चंद्राच्या उजेडात ते दिसणार नाही, एवढाच काय तो दिलासा.

"तुमी लई लांब बसलाव, म्हनून इचारताव व्हय?"

"तुमची आत्या काठी घिऊन बसलीय. त्याच्यापक्षा जवळ कसं बसावं?"

त्या रात्री खळं चंद्राला अगदी चिकटलेलं होतं. पाऊस लांब होता. माळावरचे सगळे उसासे टाकून कुशीवर वळले, आणि मनकर्णाला मात्र बरं वाटलं. त्याची तिला लाज वाटली, तरी बरं वाटलंच.

त्याला कारण होतं. ज्ञानोबानं तिच्यासाठी एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा औरंगाबादला कारखान्यात कायम नोकरीला. घरात नळ. नळ! ज्या छावणीत घागरभर पाण्यासाठी बायका टँकरमागे धावत होत्या, तिथं ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती, आणि जो तो म्हणत होता, पोरीनं नशीब काढलं. मुलाचे मामा नेकनूरला राहायचे. पाऊस पडला, पेरणी झाली, की ज्ञानोबा त्यांना निरोप धाडणार होता. लग्न, घराचं छप्पर, आजाऱ्याला दवाखान्यात नेणं, सगळ्यांनीच सगळं पावसावर टाकलं होतं. मनकर्णाला तो नळ दिसायचा. तिचंही मन कधी कधी त्या नळाखाली हात धरून उभं राहायचं. पण त्या घरात भारत नव्हता, आणि पाऊस पडला की इथंही तो राहणार नव्हता.

म्हणजे काय, तर सगळा जिल्हा ज्याची वाट बघत होता, तो येऊ नये असं वाटणारी ती एकटीच. सकाळी चांदीच्या बरगड्यांवरून हात फिरवताना तिला रडू यायचं. "मला माफ कर गं बाई," ती म्हशीच्या कानात म्हणायची. म्हैस बिचारी कान हलवायची.

मृग कोरडाच निघाला होता. पण एके दिवशी दुपारपासून वारा पडला. मुंग्या तोंडात अंडी घेऊन मांडवाच्या खांबावर चढायला लागल्या. रात्री जेवणं झाली आणि पौर्णिमेला टेकलेल्या चंद्राभोवती खळं पडलं… हे भलंमोठं, लांब, अर्ध्या आभाळाला कवेत घेणारं.

मनकर्णा गोधडीवर उठून बसली.

"पोरी, मला तर समदं धुकटच दिसतंय," गहिनीनाथ आबांनी गोधडीवरून विचारलं. "खळं हाय का? लांब का जवळ?"

सगळे दमून आडवे झालेले. कुणी डोक्यावरून पांघरूण घेतलेलं, कुणी घोरायला लागलेलं. ज्ञानोबा तंबाखू मळत तिच्या उत्तराची वाट बघत होता. तिनं तोंड उघडलं. आजीनं शिकवलेली सगळी विद्या तिच्या जिभेवर आली, आणि दुसरंच काहीतरी बाहेर पडलं.

"जवळ हाय, आबा. पार चिटकून हाय."

"म्हंजी पाऊस लांब," आबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मनकर्णाला वाटलं, आत्ताच्या आत्ता आपली जीभ झडावी. "मंग गंजी झाकायची तकतक कशाला? ऱ्हाऊ द्या तशीच."

आता मात्र ती घाबरली. गंजी म्हणजे छावणीच्या कडब्याची. सगळ्या जनावरांचा उरलासुरला चारा उघड्यावर रचलेला. तो भिजला तर कुजणार, आणि पाऊस पडला म्हणून काही उद्याच्या उद्या गवत उगवत नाही. खरं सांगावं का? पण सांगायचं कसं?

कंदिलाशेजारी बसलेल्या भारतनं मान वर केली. त्यानं चंद्राकडे बघितलं, खळ्याकडे बघितलं. महिनाभर रोज तिच्याकडून शिकत होता तो. लांब आणि जवळ एव्हाना त्याला चांगलं कळत होतं. मग त्यानं मनकर्णाकडे बघितलं. ती मान खाली घालून बसली होती.

"बराबर हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "जवळचंच हाय."

माळ निजला. मनकर्णाला कुठली झोप! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथं तर खरोखरचं चांदणं पसरलं होतं. आत्याचा श्वास जड झाला तशी ती उठली. एकटीनं का होईना, गंजी झाकायची, असं ठरवून ती अनवाणी निघाली.

गंजीवर आधीच कुणीतरी होतं. भारत ताडपत्रीचं टोक ओढत होता, आणि घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"धरा ते टोक," तो म्हणाला. जणू ती येणार हे त्याला माहीत होतं.

तिनं टोक धरलं. दोघांनी मिळून ताडपत्री पसरली, दोऱ्या दगडांना बांधल्या. शेवटी तिनंच विचारलं.

"पाऊस लांब हाय म्हनलाव की. मंग ताडपत्री कावून?"

"तुमी म्हनलाव म्हनून मी म्हनलो."

"मी तर खोटं बोलले."

"मला दिसलं की." तो दोरीची गाठ आवळत राहिला, आवळलेलीच गाठ पुन्हा आवळत. "तुमी खोटं बोललाव, तवा मला लई बरं वाटलं. वाटलं… पाऊस नको असनारा मी एकलाच न्हाई."

मनकर्णाला एकदम रडू फुटलं. दोन वर्षांचा शिणवटा त्या रडण्यात होता. पाण्याच्या घागरी, म्हशीच्या बरगड्या, आबांचा तो आवाज… सगळं. भारत गोंधळला. हात पुढे केला, मागे घेतला, आणि शेवटी खांद्यावरचं उपरणं काढून तिच्यासमोर धरलं. उपरण्याला घाम, धूळ आणि उसाच्या पात्यांचा वास येत होता. तिनं त्यातच तोंड पुसलं.

"माझ्या घरी नळ न्हाई," भारत म्हणाला. "आड हाय. त्यो पन आटलाय. आन् छावनी मोडली की कामबी न्हाई. सगळं खरं सांगितलेलं बरं."

"मी नळ इचारला का तुमाला?"

"न्हाई."

"मंग जे इचारायचं ते तुमीच इचारा की. का तेबी मीच सांगू?"

त्यानं विचारलं. काय विचारलं ते गंजीला ठाऊक आणि त्या दोघांना. तिनं मान हलवली एवढं खरं.

पहाटे पाऊस आला. आधी मातीत टपटप भोकं पडली, मग पत्र्याची घमेली वाजली, मग माळ नुसता ओरडत सुटला. म्हातारी माणसं उघड्यावर येऊन भिजत होती. गहिनीनाथ आबा बैलाच्या गळ्यात पडून रडत होते, आणि झाकलेली गंजी दिसताच "आरं, कुन्या देवमानसानं झाकली!" म्हणून हात जोडत होते. मनकर्णा मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. पाऊस किती सुंदर असतो, हे ती विसरूनच गेली होती.

"ज्ञानोबा," सिंधुबाई डोक्यावर पोतं घेत म्हणाली, "नेकनूरला निरोप धाडतूस का?"

"धाडतो की. आजच धाडतो."

"नका धाडू, बाबा," मनकर्णा म्हणाली.

ज्ञानोबानं वळून बघितलं. तिनं मांडवाचा खांब सोडला, आणि शब्द निघाले ते पुरे निघाले. "मला औरंगाबादला जायाचं न्हाई. मला भारतच्या घरी जायाचंय. रातीला खळं लांबच व्हतं, मीच खोटं बोलले. छावनी मोडू न्हाई म्हनून. काय रागवायचं ते रागवा."

ज्ञानोबानं तोंडावरचं पावसाचं पाणी तळहातानं निपटून काढलं. उन्हानं आणि काळजीनं त्याचा चेहरा सुपारीसारखा आक्रसला होता. रागवायचं म्हटलं तरी अंगात त्राण हवं.

"नोकरीवाला व्हता गं," तो एवढंच म्हणाला. "तुला पान्याला जावं लागलं नसतं."

"जाईन मी पान्याला."

"मला पन डोळे हायेत, ज्ञानोबा," सिंधुबाई मध्येच म्हणाली. "खळं मी बी बघितलं. कावून गप बसले, ते तूच वळख."

ज्ञानोबानं बहिणीकडे बघितलं, मग लेकीकडे. दुपारी सर ओसरली तशी सोसायटीनं कोरडा राहिलेला कडबा सगळ्यांना वाटून छावणी मोडली, आणि ज्ञानोबानं आपला वाटा आणि सामान गावाकडं निघालेल्या एका बैलगाडीत चढवलं. चांदीला खुंट्यावरून सोडलं. दावं हातात घेऊन तो चिखलातून सरळ सोसायटीच्या तंबूपर्यंत गेला. तिथं भारत रिकामी पोती मोजत बसला होता. खरं तर मोजत नव्हता, नुसताच हातात धरून बसला होता.

"कामं संपली का तुझी?"

"व्हय… जी."

"मंग ही म्हैस धर. गावापत्तर चल आमच्यासंगं." ज्ञानोबानं दावं त्याच्या हातात दिलं. "लोकांनी इचारलं, तर चारावाला म्हनू नको. पाव्हना म्हनून सांग."

पोती तिथंच टाकून भारत उठला. त्यानं दावं दोन्ही हातांनी धरलं.

ज्ञानोबा आणि सिंधुबाईला घेऊन गाडी पुढे निघाली. मागून चिखल तुडवत भारत, चांदी, आणि चांदीच्या पलीकडच्या अंगाला मनकर्णा. पुन्हा बारीक भुरभुर सुरू झाली. म्हशीच्या पाठीवरून वाफ निघत होती, आणि तिच्या शिंगांच्या वरून दोघं एकमेकांकडे बघत होते, नजर चुकवत होते, पुन्हा बघत होते.

"जरा हळू चाला," मनकर्णा म्हणाली. "चांदी लई दमलीय… मी बी."

भारत थांबला. गाडी पुढच्या वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो पावसात तसाच उभा राहिला.

"मंग थांबू की," तो म्हणाला. "आता कुटं घाई हाय?"