शाल्मलीची सुधारप्रतिमा

गतिविज्ञान प्रयोगशाळेत शाल्मलीने बाण सोडला आणि काचेपलीकडे बसलेल्या हेमांगीच्या कपाळावर आठी पडली. बोटं पुन्हा उशिरा उघडली होती. हेमांगी स्वतः राज्य विजेती; लेकीला धनुष्य धरायला तिनेच शिकवलं. पण पक्षाघाताने तिचा उजवा हात लुळा पडला आणि करून दाखवणं थांबलं. आता निवड चाचणी तोंडावर आली होती.

"हिची सुधारप्रतिमा बनवू," डॉ. राजोपाध्ये म्हणाल्या. "चित्रणातली चूक यंत्र पुसून टाकतं. मग हिने स्वतःलाच अचूक बाण सोडताना बघायचं. मेंदूला वाटतं, हे आपण केलेलंच आहे. तो ती हालचाल पक्की करतो."

"दुसऱ्या एखाद्या चांगल्या तिरंदाजाचं चित्रण दाखवलं तर?" हेमांगीने विचारलं.

"परक्याची हालचाल मेंदू नुसती बघतो. आपली म्हणत नाही."

हेमांगीने लुळ्या हाताकडे बोट केलं. "आणि माझा हात?"

"तुमचे स्नायू शाबूत आहेत, मेंदू वाट विसरलाय. पण चित्रण करायला आधी हात हलायला हवा. तुमच्या जुन्या फितींत एवढे बारकावे नसतात."

हेमांगीने तो विषय सोडला. रोज ती लेकीशेजारी बसून पडद्याकडे बघायची. शाल्मलीची बोटं सुधारली, चाचणीत तिची निवडही झाली. तरी सराव चालूच राहिला.

एका सकाळी पडद्यावरच्या शाल्मलीने प्रत्यंचा सोडली, आणि हेमांगीच्या मांडीवरची उजवी बोटं फटकन उघडली.

"आई, हात!"

डॉक्टरांनी फीत मागे नेली. प्रत्यंचा सुटली, बोटं पुन्हा उघडली.

"पण ही माझी हालचाल नाही," हेमांगी पुटपुटली. "हिची आहे."

"मेंदू चेहरा बघत नाही, ढब बघतो," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "आणि ही ढब हिने तुमच्याकडूनच उचलली. तुमच्या मेंदूने ती आपली म्हणून ओळखली." त्या शाल्मलीकडे वळल्या. "आईने हाताला धरून आणखी काय शिकवलंय तुला?"

शाल्मली आठवू लागली. "पोळी लाटायला बाबांनी शिकवलं. अक्षर शाळेतल्या बाईंचं." मग तिचा हात मानेमागे गेला. "वेणी. वेणी आईने शिकवली."

"मग बस कॅमेऱ्यापुढे."

शाल्मलीने केस मोकळे सोडले, त्यांचे तीन पेड केले आणि गुंफायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी ते चित्रण पडद्यावर लागलं. हेमांगीची बोटं हवेतच, चाचपडत, पहिला पेड दुसऱ्यावर घेत होती.