जाळीशेजारची वाटी

जुनं यंत्र बदलण्यातला शैलेंद्रचा फायदा मीच कागदावर मांडून दिला होता. गॅसचं बिल निम्मं, वर सरकारी अनुदान. तोट्याच्या रकान्यात काहीच लिहिलं नव्हतं.

विश्वास ठेवा म्हणणार नाही. पण ते दही मी स्वतः खाल्लंय.

नेदरलँड्समधलं आइंडहोवन, गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. माझ्या धाकट्या भावाचं, शैलेंद्रचं घर. जिन्याखालच्या कपाटात चौतीस वर्षांचं यंत्र हवा तापवायचं, आणि ती जमिनीतल्या जाळ्यांतून खोल्यांत यायची. खडखडत, धूळ उडवत.

इथल्या थंडीत दही लवकर लागत नाही. म्हणून भावजय, मंजूषा, रात्री स्वयंपाकघरातल्या जाळीशेजारी वाटी ठेवायची. विरजण नसलं की दुधात एक सुकी लाल मिरची, देठासकट.

त्याच वर्षी मार्चमध्ये ती गेली.

नोव्हेंबरात मी डेल्फ्टहून चार दिवस राहायला गेले. पहिल्याच सकाळी नऊ वर्षांच्या संहितानं माझ्यापुढे वाटी ठेवली.

घट्ट, कवडी दही. मधोमध... लाल मिरची.

"विरजण कुठून आणलंस गं?"

"आय ओन्ली पुट मिल्क, आत्या. आई डज द रेस्ट."

शैलेंद्र चहाच्या कपात बघत म्हणाला, "घरात मिरच्या नाहीत, ताई. बरणी मीच धुऊन ठेवलीय."

त्या रात्री दूध मी ओतलं. वर ताटली, ताटलीवर कुकर.

सकाळी कुकर जागच्या जागी. यंत्र बंद. तरी जाळीतून... ऊब येत होती.

ताटलीखाली दही. मिरचीसकट.

मी घाबरले. घाबरलेला माणूस हिशेब फार सुबक मांडतो.

"यंत्र बदलायला आणखी एक हिवाळा थांबू का?" शैलेंद्रनं विचारलं.

"कशाला? एवढ्या मोठ्या कंपनीत चिपच्या मशिनी बनवतोस, आणि घरात हे डबडं?"

"तो खडखडाट ऐकला की संहिता झोपते गं."

"नव्याचीही सवय होईल."

डिसेंबरात घर तापवणारा नवा हीट पंप बसला. माणसांनी जाळ्या काढून भोकं बुजवली. संहिता दारात उभी राहून बघत होती. मग तिनं विचारलं, अख्खं वाक्य मराठीत:

"आता आई कुठून येणार?"



ती अजून रोज त्याच जागी वाटी ठेवते. सकाळी दूध ते दूधच. शैलेंद्र ते चहात घालतो.

हे इथंच संपलं असतं.

पण जानेवारीत, डेल्फ्टच्या माझ्या फ्लॅटमध्ये, ओट्यावर राहून गेलेल्या दुधावरची ताटली मी उचलली...

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी होतं. मिरची माझ्याही घरात नसते. कुणाला बोलले नाही. संहिताला काय सांगू? की तुझी आई माझ्याकडे येते?

शैलेंद्रचं बिल खरंच निम्मं झालं, त्यानं फोटो पाठवला. दही माझ्याकडे लागतं.

दूध मात्र रोज संहिताच ओतते.