कातळावरचे उतारू

"आता जे सांगतोय ते तुमच्यातल्या एकानं जरी खरं मानलं, तर मिशी उतरवीन!" दादूनं टेबलावर थाप मारली.

दादू शहर बसचा जुना ड्रायव्हर. निवृत्त झाल्यापासून दुपारची जेवणं उरकली, की काशीरामच्या खानावळीत त्याची बैठक बसायची. दारात काशीरामची बायको कमळा सुपात तांदूळ निवडत होती.

गोष्ट काशीरामचीच. सत्त्याऐंशीचा वैशाख. रेल्वे येणार, अर्ध्या दिवसात मुंबई, या बातमीनं रत्नागिरी नुसती उकळत होती. पण मोजणीवाल्यांनी खुंट्या ठोकल्या त्या लांब, कुवारबावपलीकडच्या कातळावर. काशीरामची खानावळ बापानं उभी केलेली, एसटी स्टँडासमोरच्या नाक्यावर. स्टेशन तिकडे झालं तर गिऱ्हाईक तिकडेच जेवणार, नाका ओस पडणार. पण तिथले उतारू शहर बसनं सरळ नाक्यावर आले तर? मग इथंच सोनं! खानावळ विकून कातळावर जागा घ्यावी की धीर धरावा, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

माणूस हिशेबी, पण शेवटी कोकणातला. कातळ राखणाऱ्या देवाला, राखणदाराला विचारल्याशिवाय पाऊल कसं टाकणार? गाऱ्हाणं रीतसर घालायला गुरवाला नेलं तर गावभर बोभाटा. म्हणून भर उन्हात एकटाच गेला, खुंटीपाशी नारळ ठेवला आणि सुचेल तसं गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, गाडीनं येणारा प्रत्येक उतारू माझ्या दारात उतरू दे, माझ्या हातचं जेवू दे!"

"व्हय महाराजा!"

मागून चांगला दहावीस जणांचा आवाज आला. काशीराम खूश होऊन वळला. कातळ रखरखीत, माणूस औषधाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादूची बस नाक्यावर थांबली ती खच्चून भरलेली. ट्रंका, वळकट्या, कडेवर पोरं. सगळे थेट खानावळीत. "गाडी अगदी वेळेवर आली हो! वाढा लवकर."

"कुठली गाडी?" काशीरामनं विचारलं. ते नुसते हसले.

"मेल्या, तू आणतोस कुठनं ही माणसं?" त्यानं दादूला गाठलं.

"मी कुठं आणतोय? कातळावर शेवटच्या थांब्याला बस वळवतो तेव्हा रिकामी असते. आरशात बघतो तर बाकं भरलेली. तू भात टाक!"

आणि भात टाकलाच! बांगडे कमी पडायला लागले, बाकडी वाढली. शेजारच्यानं माडीवर लॉज काढलं, समोर सोड्याची गाडी लागली, रिक्षावाले रांग धरून उभे. ओस पडणार म्हणत होते तो नाका जत्रेसारखा फुलला. "काशीराम, तुझा राखणदार पावला रे!" जो तो म्हणायचा. काशीराम घामानं निथळत, हसत वाढत होता. विकण्याचा विचार त्यानं सोडूनच दिला.

कमळेचं मात्र लक्ष खाली होतं. वैशाखात गावभर लाल फुफाटा, आणि यांच्या वहाणा धुतल्यासारख्या. भात, आमटी, सोलकढी सगळं फस्त व्हायचं, पण पत्रावळी उचलाव्या तर कोरड्या.

"अहो," ती म्हणाली, "ही माणसं जातात कुठं?"

जात नव्हती. जेवून रस्ता ओलांडायची, समोरच्या कुंपणाशी ओळीनं उभी राहायची, दाराकडे बघत. पुन्हा भूक लागली, की पुन्हा आत यायची. परतीची बस रिकामीच जायची.

रोज नवी यायची. जुनी हलायची नाहीत.

"गाऱ्हाण्यात 'जेवून सुखरूप घरी पोचू दे' म्हणालात ना?" कमळेनं विचारलं.

काशीरामच्या हातातला डाव तसाच राहिला.

तो दुसरा नारळ घेऊन दादूच्या बसमध्ये चढला. कुंपणाकडच्या सगळ्या माना बसबरोबर वळल्या.

कातळावर दादूनं बस वळवली. काशीराम उतरून खुंटीकडे चालत गेला.

"...आणि घातलंन की नीट गाऱ्हाणं!" दादूनं आवाज चढवला. "परत येतो तर कुंपणाशी चिटपाखरू नाही! काशीराम माझ्या रिकाम्या बसमधून दारात उतरला, पोटभर जेवला. दगदग पुरे म्हणाला, आणि भावाकडे मुंबईला गेला. मजेत आहे तिकडे!"

मंडळी हसली. कमळेनं सूप खाली ठेवलं.

"खोटं, दादूभावजी."

दादू चपला शोधायला लागला.

"बस रिकामी नव्हती. हे सगळ्यांच्या मागनं उतरले. दारात आले, माझ्याकडे बघून ओळख नसल्यासारखे हसले, आणि म्हणाले, 'बाई, लांबनं आलोय. इथं जेवण मिळतं ना?'"