नकाशावरची दुसरी होडी

आमच्या बेटावर, क्राटेनच्या धक्क्याला माझ्या धाकट्या भावाची, बशीरची होडी सगळ्यांत शेवटी लागते. ऑक्टोपस धरायची मडकी टाकायला तो लांब जातो. तो दिसेपर्यंत आईच्या घशाखाली घास उतरत नाही. तिच्यासारख्या बेटावरच्या बायकांसाठीच मी एक अ‍ॅप करायला घेतलं होतं. आपल्या माणसाची होडी कुठे आहे, ते घरबसल्या फोनवर दिसावं, एवढंच.

सगळं मुळापासून लिहायचं तर वर्ष गेलं असतं. लमजद म्हणाला, माझ्या जुन्या अ‍ॅपचा सांगाडा घे. लमजद आमच्या शेजारचा, कॉलेजात माझ्याच बाकावरचा, आता पलीकडे स्फाक्स शहरात नोकरीला. त्याच्या सांगाड्यात नकाशा, नोंदणी, सूचना सगळं तयार होतं. आपण रंग बदलायचे, आपलं काम भरायचं. इतकी मेहनत कुणी अशी सहज देत नाही, असं मी म्हटलं, तर तो हसला.

"तुला नाही तर कुणाला देऊ?"

काम भराभर उरकलं. चाचणीसाठी मी फक्त बशीरची होडी नोंदवली. दुपारी नकाशा उघडला, तर त्यावर दोन ठिपके.

लमजदच्या जुन्या चाचणीतलं काहीतरी राहिलं असेल, असं समजून मी दुसरा ठिपका पुसला. तो परत आला. साठवलेली माहिती तपासली. तिथे एकच होडी होती. पहिल्या दिवशी तो ठिपका पार क्षितिजाकडे होता. मग रोज थोडा अलीकडे. आठवडा संपता संपता तो बशीरच्या ठिपक्याला टेकला.

मी बशीरला फोन लावला. जवळपास कुणाची होडी आहे का, विचारलं.

"कुणाची नाही. समुद्र तेलासारखा पडलाय," तो म्हणाला. "वल्ही मारल्याचा आवाज येतोय मात्र. सकाळपासून."

मी लमजदला फोन केला. सांगाड्याबद्दल विचारायचं आहे, एवढंच म्हणाले. ठिपक्याचं नावही काढलं नव्हतं.

"चिकटला का होडीला?" त्याने विचारलं.

मग तोच हळूहळू सांगत गेला. वर्षभर तो ठिपका त्याच्या बाबांच्या होडीमागे होता. काय वाट्टेल ते करून पाहिलं, हलला नाही. दुसऱ्या कुणी त्या सांगाड्यावर आपली होडी नोंदवली, तर ठिपका तिकडे जाईल असं लमजदला वाटलं होतं.

"मी बशीरची नोंद काढून टाकते."

"त्याने जात नाही, सौसन."

"आणि तू आमच्या घरी जेवून गेलास परवा."

"बाबा थकलेत गं," तो म्हणाला. "बशीर तरुण आहे."

खिडकीतून धक्का दिसत होता. लमजदचे बाबा तिथे जाळं सांधत बसले होते. गेल्या वर्षभरात समुद्राकडे पाठ करून बसलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. आज ते तसे बसले होते, आणि शेजाऱ्याशी गप्पा मारत होते.

बशीरला मी तसंच परत बोलावलं. मडकी उचलायची राहिलीत म्हणून तो कुरकुरला, पण निघाला. नकाशावर दोन्ही ठिपके बरोबरीने बंदरात शिरले.

मी धावत धक्क्यावर गेले. बशीर धडधाकट होता. होडी एकटीच होती. बाकी पाणी मोकळं.

त्याने आपली होडी बांधली. मग वाकून आणखी एक दोर उचलला आणि शेजारच्या खुंट्याला गुंडाळला.

तो दोर पाण्यावरून आडवा गेला होता. मोकळ्या पाण्यावर, हवेत, त्याचं टोक थांबलं होतं. दोर सैल व्हायचा, ताणला जायचा. पुन्हा सैल.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"त्यांनी फेकला, मी बांधला." बशीरने हात पुसले. मग चारचौघांत मी काही भलतंच बोलून गेल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि माझा दंड धरला.

"ताई, जरा बाजूला हो," तो हळूच म्हणाला. "त्यांना उतरू दे."